मालयादींतील चूक आणि दंडाचा न्याय

चाकण किंवा भोसरी येथील कारखान्याच्या दारांत उभ्या असलेल्या मनुष्यास समुद्राची आठवण सहसा होत नाहीं. मध्यें बोर घाट आहे, आणि न्हावाशेवा बंदर तेथून सुमारें सव्वाशें किलोमीटर दूर आहे. तथापि या पट्ट्यांतील असंख्य लहानमोठ्या यंत्रशाळांचें दैव त्या बंदरांत दाखल होणाऱ्या एका यादीशीं बांधलेलें आहे, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांपैकीं पुष्कळांस अनुभवानें, आणि बहुधा कडू अनुभवानें, ठाऊक असेल. ती यादी म्हणजे जहाजावरील मालाची यादी. अडत्यांच्या तोंडीं तिचें नांव मॅनिफेस्ट असें आहे. ती चुकीची निघाल्यास दंड कोणास व किती व्हावा, हा प्रश्न वरवर पाहतां वकिलांचा व जकातखात्याच्या अंमलदारांचा दिसतो. परंतु त्या चुकीचें बिल अखेरीस ज्याच्या दारीं येतें तो मनुष्य बहुतेक वेळां वकीलही नसतो व अंमलदारही नसतो. तो घाटावरचा कारखानदार असतो.

जहाज ज्या बंदरास लागावयाचें असेल तेथील जकातखात्यास त्यावरील मालाची वर्दी आधींच द्यावी लागते. माल कोणता, नग किती, वजन किती, कोणत्या कंटेनरांत भरला आहे, पाठविणारा कोण व घेणारा कोण, हें सर्व त्या वर्दींत असतें. ती देण्याचें काम कायद्यानें जहाजाच्या मुख्य अधिकाऱ्याचें, म्हणजे व्यवहारांत जहाज-कंपनीचें व तिच्या एजंटाचें. मालाच्या धन्यानें स्वतः भरावयाचें निवेदन, ज्यास बिल ऑफ एन्ट्री म्हणतात, तें निराळें. हे दोन्ही कागद एकमेकांशीं जुळले म्हणजे माल सुटतो. पूर्वीं हा कारभार १८७८ च्या सी कस्टम्स ॲक्टाप्रमाणें चाले. सध्यांचा कस्टम्स ॲक्ट १९६२ सालचा. योगायोग असा कीं, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळही त्याच सालीं स्थापन झालें, आणि पुढें त्याच्याच वसाहतींनीं पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचें माळरान भरून काढलें. १९८९ सालीं न्हावाशेवा बंदर सुरू झालें, आणि चिंचवड, दिघी, तळेगाव येथें कंटेनरांचीं अंतर्देशीय आगारें होऊन बंदराचें अंगण जणूं घाटाच्या वर आलें.

दंडाचीं कलमें पाहिलीं तर कायदा मोघम आहे असें कोणी म्हणणार नाहीं. यादी वेळेवर न दिल्यास, आणि उशीराचें समाधानकारक कारण नसल्यास, कलम ३० प्रमाणें ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. यादींत दाखविलेला माल उतरलाच नाहीं किंवा कमी उतरला, व त्याचा हिशेब लागला नाहीं, तर कलम ११६ प्रमाणें त्यावरील जकातीच्या दुपटीपर्यंत दंड जहाजाच्या मुख्य अधिकाऱ्यास होतो. उलट, यादींत यावयास पाहिजे होता असा जकातपात्र माल यादीबाहेर आढळला तर कलम १११ खालीं तो जप्तीस पात्र होतो. जाणूनबुजून खोटा कागद पुढें केल्यास कलम ११४ अअ प्रमाणें मालाच्या किंमतीच्या पांचपटीपर्यंत दंड आहे. आणि ज्या कसुरीस निराळा दंड सांगितलेला नाहीं तिच्यासाठीं कलम ११७ आहे; त्याची मर्यादा २०१९ सालीं १ लाखावरून ४ लाख रुपये करण्यांत आली.

याच कायद्यांत शहाणपणाचेंही एक वाक्य आहे, आणि तें आमच्या व्यापाऱ्यांनीं भिंतीवर लावून ठेवण्यासारखें आहे. कलम ३० च्या तिसऱ्या पोटकलमाचा भावार्थ असा कीं, यादी चुकीची वा अपुरी असून तींत कपटाचा हेतु नव्हता अशी अंमलदाराची खात्री झाली, तर तो ती दुरुस्त करूं देऊं शकतो. चूक आणि लबाडी यांतील भेद कायद्यास मान्य आहे, हें येथें स्पष्ट झालें. आमची तक्रार या भेदाविषयीं नाहीं. तो भेद ठरेपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांचें मोल कोणी द्यावें याविषयीं आहे.

समजा, चिखलीच्या एका लहान यंत्रशाळेनें तैवानहून ४८० खोकीं बेअरिंगें मागविलीं. पाठविणाऱ्याच्या बीजकांत ४८० आहेत, मालकाच्या निवेदनांतही ४८० आहेत. परंतु कोठल्याशा कचेरींत टंकलेखन करणाऱ्या कारकुनाच्या हातून एक शून्य गळालें आणि मालयादींत ४८ नग लागले. माल खरा, जकात भरावयास मालक तयार, कपट कोणाचेंच नाहीं. तरी माल सुटत नाहीं; कारण दोन कागद जुळत नाहींत. आतां दुरुस्तीचा अर्ज करावयाचा तो यादी ज्यानें दिली त्यानें. मालकाच्या हातांत विनवणी करण्यापलीकडे फारसें कांहीं नाहीं. मुंबईचा एजंट परदेशच्या कचेरीस विचारतो, ती कचेरी माल भरणाऱ्या दलालास विचारते, मध्येंच शनिवार-रविवार येतात. खातें दुरुस्त्यांचे किरकोळ व मोठ्या असे वर्ग करतें, आणि नगांची संख्या बदलणें ही कांहीं किरकोळ दुरुस्ती मानली जात नाहीं. इकडे कंटेनर अडवून ठेवल्याबद्दल जहाज-कंपनीचें भाडें चढत असतें, आगारांत जागा अडविल्याबद्दल आगाराचें. त्यांतच बिल ऑफ एन्ट्री उशीरा गेलें असेल तर पहिले तीन दिवस रोजचे ५,००० व पुढें रोजचे १०,००० रुपये वेगळे. आणि चाकणच्या ज्या मोठ्या कारखान्यास ही यंत्रशाळा सुटे भाग पुरविते, तो कारखाना मोजका साठा ठेवून चालणारा. त्याची मालिका थांबली तर पुढची मागणी दुसऱ्याकडे जाते. ज्याच्या हातून शून्य गळालें त्यास दंड झालाच तर तो कांहीं हजारांचा. ज्यानें शून्य बरोबर लिहिलें होतें त्याचें नुकसान मात्र लाखांत जाऊं शकतें, आणि त्यास दंड हें नांवही नसल्यामुळें त्यावर अपील नाहीं.

या बाबतींत न्यायालयांकडे पाहिलें तरी लहान व्यापाऱ्यास फारसा धीर येत नाहीं. विमानतळ प्राधिकरण विरुद्ध ग्रँड स्लॅम या १९९५ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, जकातखात्यानें माल गैररीतीनें अडवून ठेवला असला तरी माल सांभाळणाऱ्याचें भाडें मालकासच द्यावें लागेल. पुढें २००९ च्या नियमांनीं, खात्यानें जप्त केलेल्या वा अटकावून ठेवलेल्या मालावर आगारानें भाडें घेऊं नये असें म्हटलें खरें. परंतु यादीच्या दुरुस्तीसाठीं खोळंबलेला माल हा ‘अटकावलेला’ समजला जाईलच असें नाहीं. तो कोणी अडविलेला नसतो, नुसता सुटत नसतो! हा सूक्ष्म भेद तर्कशास्त्रास शोभेल, पण भाडें भरणाऱ्यास त्याचा उपयोग काय?

माल बाहेर पाठविणारांची कथा याहून बोधप्रद आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला, आणि निर्यातदारानें भरलेला कर त्यास परत मिळण्याचें गणित जहाजाच्या निर्गमन-यादीशीं जोडलें गेलें. नियम असा कीं, शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज. मात्र जहाज-कंपनीनें निर्गमन-यादी दाखल केल्यावांचून तो अर्ज पुरा होत नाहीं. आतां ज्याचा माल तळेगाव वा चिंचवडच्या आगारांत भरला जातो त्याच्या बाबतींत दोन नोंदी जुळाव्या लागतात: आगारांतून निघतांनाची आणि बंदरांतून निघतांनाची. कंटेनरचा एक आंकडा चुकला, किंवा बंदरावरच्या यादींत आगाराच्या शिपिंग बिलाचा उल्लेखच राहिला, कीं संगणक परतावा रोखून धरतो. माल परदेशीं पोंचलेला असतो, ग्राहकाचे पैसेही आलेले असतात, सरकारच्या हिशेबीं मात्र माल घाटावरून हललेलाच नसतो. अशा व इतर न जुळणाऱ्या नोंदींपायीं देशभर एवढे परतावे तुंबले कीं, मार्च २०१८ मध्यें सरकारास खास ‘परतावा पंधरवडा’ काढावा लागला. आणि तेवढ्यानें भागलें नाहीं म्हणून मे-जूनमध्यें दुसरा. कचेरीच्या कामासाठीं उत्सवासारखा पंधरवडा पाळावा लागणें, यांतच रोजच्या व्यवस्थेची परीक्षा झाली.

येथें कोणी म्हणेल कीं, मग दंडच नको, यादीही नको. तसें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें याच न्हावाशेवा बंदरांत ज्येष्ठमधाच्या एका कंटेनरांत २२ टनांहून अधिक माल धरला गेला. त्या ज्येष्ठमधावर हेरॉईनचा लेप असल्याचें पोलिसांनीं सांगितलें. त्याच्या आदल्याच वर्षीं गुजरातेंत मुंद्रा येथें शंखजिऱ्याच्या नांवाखालीं सुमारें ३,००० किलो हेरॉईन आलें होतें. मे २०२५ मध्यें एम. एस. सी. एल्सा-३ हें जहाज ६४० कंटेनरांसह कोचीजवळ बुडालें; त्यांतील १३ कंटेनरांत घातक माल होता आणि आणखी १२ कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होतें. किनाऱ्यास पेटारे लागूं लागले तेव्हां तेथील कोळ्यांचा पहिला प्रश्न हाच होता कीं, आंत काय आहे? मुंबईच्या गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं फोर्ट स्टिकिन जहाजावर कापूस व स्फोटकें एकत्र भरल्यानें काय प्रलय झाला, तें मुंबईकर आजही विसरलेले नाहींत. मालयादी ही नुसती जकातीची चोपडी नव्हे. आग लागली असतां बंबवाल्यांनीं प्रथम वाचावयाचा तो कागद आहे. तेव्हां लबाडास पांचपट दंड होतो याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं.

मोठ्यांचीं भांडणें मोठ्या ठिकाणीं लागतात. सप्टेंबर २०२४ मध्यें जकातखात्यानें, चाकण येथें कारखाना असलेल्या स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया कंपनीस सुमारें १४० कोटी डॉलरांची नोटीस दिली. खात्याचें म्हणणें असें कीं, जवळजवळ संपूर्ण मोटारी सुट्या भागांच्या रूपानें निरनिराळ्या खेपांनीं आणून, ३० ते ३५ टक्क्यांऐवजीं ५ ते १५ टक्के जकात भरली गेली. कंपनीनें तें नाकारलें आणि २०२५ सालीं मुंबई उच्च न्यायालयाकडे धांव घेतली. त्या वादांत खरें कोणाचें, हें ठरविणें न्यायालयाचें काम. आम्हांस त्यांतून एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, मालास कागदावर काय म्हणावें, या प्रश्नावर मोठी कंपनी उच्च न्यायालयांत बाजू मांडूं शकते. आमचा चिखलीचा यंत्रशाळावाला एका शून्यासाठीं तेथवर जाऊं शकत नाहीं, आणि गेला तरी निकालापूर्वीं त्याची मागणी हातची जाईल.

आतां थोडें आमच्याच लोकांविषयीं. माल मागवितांना बीजकावर ‘मशिनरी पार्ट्स’ किंवा ‘ऑटो स्पेअर्स’ असें मोघम लिहवून घेण्याची खोड या भागांत फार जुनी आहे. कोणी तें आळसानें करतो, कोणी जकातीचा दर ठरतांना थोडी मोकळीक रहावी म्हणून करतो. आणि चूक उघडकीस आली कीं दोघेही सारख्याच निष्पापपणें एजंटाकडे बोट दाखवितात. बिल ऑफ लेडिंगचा मसुदा एजंटाकडून तपासण्यासाठीं येतो, तो न वाचतां ‘ठीक आहे’ असें कळविणारे मालक आम्ही पाहिले आहेत. मुलीच्या लग्नाची पत्रिका चार वेळां तपासणारा गृहस्थ लाखोंच्या मालाचा कागद एकदांही वाचीत नाहीं, हें आश्चर्य नव्हे काय? २०१८ सालीं समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या यादीचे नवे नियम प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें यादी जहाजानें मागचें बंदर सोडण्यापूर्वींच द्यावयाची, आणि मालाच्या मोघम नांवावर भागवावयाचें नाहीं. त्यांची पूर्ण अंमलबजावणी वारंवार पुढें ढकलण्यांत आली. व्यापाऱ्यांनीं त्या सवलतीचा उपयोग संवय सुधारण्याकडे किती केला, तें ज्याचें त्यानें पहावें.

सरकाराकडे आमचें मागणें अवास्तव नाहीं. निष्कपट चुकीच्या दुरुस्तीचा अर्ज किती तासांत निकालांत निघाला पाहिजे, याची मुदत नियमांतच असावी. आणि ती टळली तर त्यापुढचें आगाराचें भाडें मालकावर चढूं नये. जहाजाच्या एजंटानें यादी दाखल करतांच तींतील आपल्यापुरती नोंद मालकास त्याच दिवशीं आपोआप कळविली जावी, म्हणजे गळालेलें शून्य जहाज समुद्रांत असतांनाच सांपडेल. आणि चूक एजंटाची असल्याचें ठरल्यास, दंडाखेरीज मालकाचें प्रत्यक्ष नुकसानही त्याच्याकडून वसूल होण्याची सोपी वाट असावी. सध्यां दंड सरकारी तिजोरींत जातो आणि नुकसान मालकाच्या घरीं राहतें.

हें सर्व होईपर्यंत एक गोष्ट आपल्याच हातची आहे. १९३४ पासून पुण्यांत व्यापारी व कारखानदारांचें काम करीत आलेल्या मराठा चेंबरनें आणि पिंपरी-चिंचवड, चाकण येथील लघुउद्योजकांच्या मंडळांनीं मिळून, चिंचवडसारख्या एखाद्या आगाराजवळ एक जाणता कारकून नेमावा. सभासदांचे बिल ऑफ लेडिंगचे मसुदे त्यानें बीजकाशीं ताडून पहावे, निर्गमन-यादी दाखल झाली कीं नाहीं तें तपासावें, आणि अडलेल्या दुरुस्त्यांची नोंदवही ठेवावी. कोणत्या एजंटाच्या हातून किती चुका झाल्या आणि कोणती दुरुस्ती किती दिवस रखडली, हें त्या वहींत वर्षभर लिहिलें गेलें, तर पुढच्या खेपेस जकात-आयुक्तांच्या भेटीस जाणारें शिष्टमंडळ रिकाम्या हातानें जाणार नाहीं.