शब्दांचे कूळ आणि शब्दांची ओळख

शास्त्री नदी जेथे समुद्राला मिळते त्या मुखावर विजापूरकरांच्या अमदानीत उभा राहिलेला, पुढे आंगऱ्यांच्या आरमाराला आश्रय देणारा आणि १८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात गेलेला जयगड इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. परंतु त्याच्या आसमंतात, आणि एकंदर रत्नागिरी जिल्ह्यात, लेखनात सोपा शब्द घ्यावा की अवघड याविषयी गेल्या सुमारे दीडशे वर्षांत जी ओढाताण झाली, तिची दखल क्वचितच घेतली जाते.

या मागोव्याचा आरंभ साहित्यापासून न करता खोताच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, दप्तरापासून करणे उचित होईल. १८८० च्या कायद्याने खोतीची वहिवाट लेखी चौकटीत बसविली, त्या काळच्या बहुतेक कुळांना अक्षरओळखही नव्हती; तथापि अर्धेल, तिर्धेल, मक्ता, वसूल, बाकी, जप्ती हे शब्द त्यांना कोणी समजावून द्यावे लागत नसत, कारण खळ्यावरच्या भाताचा अर्धा हिस्सा खोताच्या कोठारात जाणार की तिसरा, हे त्या शब्दांवरच ठरत असे. यांतले कित्येक शब्द अरबी-फारशीतून आलेले. पण त्यांच्या परकेपणाविषयी कुळाची तक्रार असल्याचे ऐकिवात नाही. तक्रार होती ती खुद्द खोतीविषयी. ती १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात विधेयकाच्या रूपाने मांडली, आणि खोती कायद्याने रद्द व्हावयास १९४९ साल उजाडावे लागले.

जयगडहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस गेले की मालगुंड लागते. तेथे १८६६ साली जन्मलेले कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, आणि त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांच्या लेखनात हा प्रश्न एकाच घरात दोन दिशांनी गेलेला दिसतो. केशवसुतांची आरंभीची कविता संस्कृत वृत्तांच्या आणि समासांच्या भाराखाली चाललेली. पण १८९३ मध्ये, जाणिवेच्या पलीकडच्या तंद्रीला नाव देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी उपनिषदांचा दरवाजा ठोठावला नाही, तर मुलींच्या खेळातल्या ‘जा पोरी जा’ या आरोळीचा झपाट्याने उच्चार केला असता जो ध्वनी कानी येतो, तो ‘झपूर्झा’ उचलला. शब्द सोपा, ही गोष्ट निर्विवाद; परंतु कविता मात्र मराठीतल्या दुर्बोध कवितांत गणली गेली, आणि सोप्या शब्दाने अर्थही आपोआप सोपा होतो असे मानणाऱ्यांची तिने चांगलीच पंचाईत केली. उलटपक्षी, मोरो केशवांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या भरभक्कम ग्रंथाची परिभाषा आरंभापासून अखेरपर्यंत संस्कृत. असे असूनही जो वाचक कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोगांची चर्चा उदाहरणांसह धीराने वाचतो, त्याला ती उलगडत जाते, कारण ग्रंथकर्त्याने जड शब्द विषयाच्या गरजेने घेतला आहे, विद्वत्तेच्या प्रदर्शनासाठी नव्हे. माझ्या मते दोघां भावांत लेखनधर्माचा भेद नाही. दोघांनीही जेथे जो शब्द चालेल तोच चालविला.

वादाला खरी धार आली ती १९२४ ते १९३७ या काळात, स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ हाती घेतली तेव्हा. त्यांचे महापौर, चित्रपट, हुतात्मा हे शब्द आज कोणाला घडविलेले वाटतही नाहीत. उलट कायद्याला ‘निर्बंध’ आणि फाउंटन पेनला ‘झरणी’ हे त्यांचेच शब्द, तितकेच सुघटित असूनही, रुजले नाहीत. ‘दिनांक’ची गत मधली झाली: पत्राच्या माथ्यावर दिनांक, तोंडात तारीख. माधव जूलियनांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध करणाऱ्या आणि स्वतःच्या कवितेत फारशी शब्दांची मुक्त उधळण केलेल्या या कवीने १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून शुद्धीचा पक्ष घेतला. या सगळ्या वादात शब्दाचे कूळ पुष्कळ तपासले गेले, वाचकाची त्या शब्दाशी ओळख किती, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

पुढे महाराष्ट्र राज्य झाले, सरकारी हुद्द्यांसाठी पदनामकोश निघाला, आणि आचार्य अत्र्यांनी त्याची ‘बदनामकोश’ म्हणून संभावना केली. परंतु त्याच सरकारी मराठीतला ‘जिल्हाधिकारी’ लोकांनी कलेक्टराच्या शेजारी बिनतक्रार बसविला, हेही नमूद केले पाहिजे. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, तलाठ्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले. हे तीन शब्दांचे नाव जयगडच्या माणसाच्या तोंडी बसेल की कागदावरच राहील, हे आताच सांगणे धाडसाचे. मात्र त्या अधिकाऱ्याकडे तो जो कागद मागावयास जातो, त्याचे शासकीय नाव ‘गाव नमुना क्रमांक सात व बारा’ असे असून, त्यातले दोन आकडे तेवढे उचलून लोकांनी केलेला ‘सातबारा’ न्यायालयाच्या निवाड्यांतही त्याच नावाने उल्लेखिला जातो.