निरोगी देहातील पोटाचे विषाणू



उत्सवाच्या दिवसांत स्वयंपाकाच्या व वाढण्याच्या सेवेस येणाऱ्यांना आम्ही आजवर एकच प्रश्न विचारीत आलो : "प्रकृती बरी आहे ना?" उत्तर बहुधा होकारार्थी येते आणि ते प्रामाणिकही असते. परंतु पोटाच्या विषाणूंच्या बाबतीत ते पुरेसे नाही. आतड्यात विषाणू वाढत असूनही मनुष्यास उलटी, जुलाब वा ताप यांपैकी काहीच होत नाही, असे पुष्कळदा घडते. रोग नसतो, संसर्ग मात्र असतो. आणि विषाणू शौचावाटे बाहेर पडत राहतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशातील आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात अर्भकांच्या शौचात रोटाव्हायरस आढळला. बालकांच्या तीव्र जुलाबाचे हे एक प्रमुख कारण. आणि ही अर्भके तर ठणठणीत होती! पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवले असता रोटाव्हायरसचे जुलाब त्यांना इतर बालकांच्या मानाने कमी झाल्याचे दिसून आले. त्रास न देता राहून गेलेल्या विषाणूने शरीरास शत्रूची ओळख करून दिली होती. '११६ ई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच वाणापासून हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने 'रोटाव्हॅक' ही तोंडावाटे द्यावयाची लस तयार केली. दिल्ली, पुणे व वेल्लोर येथे ६,७९९ बालकांवर तिची चाचणी झाली. पहिल्या वर्षात तीव्र रोटाव्हायरस जुलाबापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळाले, आणि २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात रोटाव्हायरस लसीचा समावेश होऊ लागला.

मात्र प्रत्येक छुपा संसर्ग असा उपकारक नसतो. नोरोव्हायरसचे थोडेसे कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. आजार एक ते तीन दिवसांत ओसरतो. विषाणू त्यानंतरही दोन आठवडे वा अधिक काळ बाहेर पडू शकतात. ज्यांस काहीच झाले नाही, त्यांच्याही शौचात ते सापडतात. कावीळ 'अ' ची गोष्ट आणखी फसवी. लहान मुलांना ती बहुधा डोळे पिवळे न होताच होऊन जाते, आणि मोठ्यांकडून ती सर्वाधिक पसरते ती डोळे पिवळे होण्यापूर्वीच्या एक-दोन आठवड्यांत, म्हणजे कोणास शंकाही येत नाही तेव्हा.

म्हणून आम्ही आता प्रश्न बदलला आहे : "गेल्या दोन दिवसांत आपणांस उलटी वा जुलाब झाले काय?" झाले असल्यास, ते पूर्ण थांबल्यापासून ४८ तास उलटेपर्यंत स्वयंपाक व वाढप यांची सेवा घेऊ नये, हिशेबाची, चपला सांभाळण्याची सेवा आहेच. ज्यांस काहीच झालेले नाही, त्यांनीही शौचानंतर व अन्नास हात लावण्यापूर्वी साबण व वाहत्या पाण्याने हात चोळून धुवावेत. बाटलीतील जंतुनाशक द्रव नोरोव्हायरसवर फारसा चालत नाही. कोशिंबीर, चटणी, पंचामृत हे पदार्थ चुलीवर चढत नाहीत, तेव्हा ते हाताने न कालवता डावाने कालवावेत व पळीनेच वाढावेत.