मोठा आकडा, छोटं कोठीघर

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन खोक्यांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "४०६० घेऊ ना? नवं आहे, आकडाही मोठा आहे. तू फक्त हो म्हण."

भाच्याची बारावी झाली होती. त्याला अ‍ॅनिमेशन शिकायचं होतं आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड बसवायचं होतं. पैसे ताईच्या भिशीचे, म्हणजे एकदाच हातात येणारे. निवड चुकली तर पुढची तीन-चार वर्षं त्याच कार्डावर काढावी लागणार होती. म्हणून मी लगेच हो म्हटलं नाही. हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या येतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही कार्डं एनव्हीडियाची. आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, तेव्हा अमेरिकेतली किंमत ३२९ डॉलर होती. आरटीएक्स ४०६० जून २०२३ मध्ये २९९ डॉलरला आलं. नावातले पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन त्या पिढीतली पायरी. म्हणजे पायरी तीच, पिढी पुढची. आता खोक्यावरची माहिती शेजारी शेजारी ठेवू.

आरटीएक्स ३०६० : ३,५८४ कोअर, वेग १.७८ गीगाहर्ट्झपर्यंत, मेमरी १२ जीबी, बस १९२ बिट, वीज १७० वॅट.

आरटीएक्स ४०६० : ३,०७२ कोअर, वेग २.४६ गीगाहर्ट्झपर्यंत, मेमरी ८ जीबी, बस १२८ बिट, वीज ११५ वॅट.

ताईला हे समजावताना मी लग्नाच्या कार्यालयातल्या स्वयंपाकघराचा दाखला दिला. कोअर म्हणजे आचारी. मेमरी म्हणजे शेजारचं कोठीघर. बस म्हणजे कोठीघराच्या दाराची रुंदी. कोठीघरात मावलं नाही ते सामान बाजारातून, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य रॅममधून, आणावं लागतं.

४०६० मध्ये आचारी कमी आहेत, पण त्यांचा हात भरभर चालतो. संख्येला वेगाने गुणलं तर त्यांचं काम साधारण १८ टक्के जास्त भरतं. कंपनीनेही साध्या खेळांत सुमारे २० टक्के वाढ सांगितली होती, म्हणजे हिशेब जुळतो. दार मात्र अरुंद झालं आहे. ३०६० मध्ये सेकंदाला ३६० जीबी माहिती ये-जा करते, ४०६० मध्ये २७२. ही उणीव भरून काढायला कंपनीने आचाऱ्याच्या हाताशी मोठा मिसळणाचा डबा ठेवला आहे. त्याला कॅश म्हणतात. ३०६० मध्ये ती ३ एमबी होती, ४०६० मध्ये २४ एमबी. रोजचे जिन्नस डब्यातच मिळाल्यावर कोठीघरात खेपा कमी पडतात. युक्ती चांगली आहे आणि बहुतेक वेळा लागू पडते.

पण डबा कितीही मोठा केला तरी कोठीघर वाढत नाही. ८ जीबीच्या पुढे सामान गेलं की बाजार गाठावाच लागतो. तो रस्ताही ४०६० ला अर्धा आहे, कारण ते मदरबोर्डाशी १६ ऐवजी ८ लेननेच जोडलं जातं. नव्या बोर्डावर हे फारसं जाणवत नाही. भाच्याचा बोर्ड मात्र जुन्या पीसीआय ३ चा, त्यामुळे तो अर्धा रस्ताही निम्म्या वेगाचा.

जाहिरातीत ४०६० चे खांब दुप्पट उंच दिसतात, ते फ्रेम जनरेशनमुळे. कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये अंदाजाने एक चित्र घालतं. चित्र गुळगुळीत दिसतं हे खरं, पण आपण बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्यामुळे वाढत नाही. शिवाय ती सोय खेळातच असावी लागते, आणि ब्लेंडरमधल्या रेंडरला तिचा काही उपयोग नाही.

मग मी भाच्याला विचारलं, "तू नक्की काय करणार?" तो म्हणाला, "मामा, थोडं गेमिंग, पण मुख्य ब्लेंडर." त्याला म्हटलं, तुझं सगळ्यात जड काम घेऊन ये. त्याने क्लासमध्ये केलेला जुन्या वाड्याचा सीन पेन ड्राइव्हवर आणला. माझ्या मशीनवर रेंडर लावला आणि टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची मेमरी पाहिली. आकडा ९ जीबीच्या वर गेला. दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. सीन मावला तर ४०६० नक्कीच लवकर रेंडर करेल. पण न मावल्यास काम रांगायला लागतं, नाहीतर मेमरी संपल्याचा संदेश येऊन थांबतं. अशा वेळी १८ टक्क्यांना काय करायचं?

आम्ही १२ जीबीचं ३०६० घेतलं. भाचा दोन दिवस खट्टू होता, कारण त्याच्या मित्राकडे ४०६० होतं. वाड्याचा सीन घरच्या मशीनवर पूर्ण झाला तेव्हा त्याने चित्र पाठवलं, खाली काही लिहिलं नाही. ताईने मात्र हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

याचा अर्थ ३०६० सगळ्यांसाठी चांगलं असा नाही. साध्या फुल एचडी मॉनिटरवर खेळ हेच मुख्य काम असेल तर मी ४०६० च सांगेन. विजेत फरक ५५ वॅटचा आहे. रोज चार तास वापर धरला तर महिन्याला साडेसहा युनिटच्या आसपास, म्हणजे ७ रुपये दराने ४५ रुपये. बिलापेक्षाही उन्हाळ्यात खोली कमी तापते आणि पंखा कमी घोंघावतो, हे जास्त जाणवतं. ज्यांना गणेशोत्सवाचे कार्यक्रम यूट्यूबवर थेट दाखवायचे आहेत, त्यांच्यासाठीही ४०६० सरस. ते एव्ही१ प्रकारात व्हिडिओ तयार करू शकतं, त्यामुळे कमी इंटरनेटमध्ये चित्र स्वच्छ जातं. ३०६० हा प्रकार फक्त दाखवू शकतं, तयार करू शकत नाही.

खरेदीला जाताना तीन गोष्टी सांभाळा. ३०६० नावाचंच ८ जीबीचं कार्डही आहे. त्याची बस १२८ बिटच आहे, तेव्हा खोक्यावर १२ जीबी आणि १९२ बिट दोन्ही वाचा. लॅपटॉपमधलं ३०६० वेगळं, त्यात ६ जीबीच मेमरी असते. आणि जुनं कार्ड स्वस्तात मिळत असेल तर ते क्रिप्टोच्या खाणकामात राबलेलं आहे का, हे विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं खाणकाम बंद झालं आणि अशी पुष्कळ कार्डं बाजारात आली. अर्धा तास जड काम चालवून दाखवा म्हणावं, मगच पैसे द्यावेत.

मे २०२५ मध्ये ५०६० आलं. आकडा आणखी मोठा, मेमरी मात्र पुन्हा ८ जीबीच. तेव्हा दुकानात जाण्याआधी मुलाला जवळ बसवून विचारा, "काय करणार आहेस?" आणि त्याचं सगळ्यात जड काम कोणाच्या तरी मशीनवर एकदा चालवून बघा. कोणतं कार्ड घ्यायचं ते त्यातून कळेल.