नोंद चुकली की पुस्तक हरवले

दिवाळी जवळ आली की मराठी वाचनालयांत एक खास लगबग सुरू होते. ठरावीक वर्गणी भरायची आणि सगळे दिवाळी अंक आळीपाळीने घरी न्यायचे. ‘तो अमका अंक आला का हो?’ असे विचारले की टेबलामागच्या ग्रंथपालबाई मान वर न करताच सांगतात, ‘परवा मिळेल.’ कित्येक वर्षे वाचनालयाची शोधयंत्रणा म्हणजे या बाई, दाखल नोंदवही आणि तालिकापत्रांचे लाकडी खण. हे सारे आता संगणकात आणि तिथून इंटरनेटवर चालले आहे.

या प्रवासातला एक टप्पा गमतीचा आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयांची जुनी संगणकप्रणाली 2000 साल उजाडताच कोलमडेल, अशी भीती होती. म्हणून त्यांनी नवी प्रणाली लिहून घेतली आणि ती जगाला खुली करून टाकली. नाव ठेवले ‘कोहा’, म्हणजे माओरी भाषेत भेट. आज भारतातली अनेक ग्रंथालये तीच वापरतात. शिवाय इन्फ्लिबनेटची ‘सोल’ आहे, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आहे. प्रणालींची वाण नाही.

अडचण सुरू होते ती मराठीत. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक फॉन्टची संकेतव्यवस्था निराळी होती. फॉन्ट बदलला की नोंदींची अगम्य चिन्हे व्हायची. युनिकोड आल्यावरही ‘दऱ्या’ हा शब्द दोन-तीन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यंत्राला वेगळा वाटू शकतो. 1962च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या मुखपृष्ठांवर ‘नांव’ असते आणि आपण ‘नाव’ शोधतो. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, हे बाईंना ठाऊक असते. संगणकाला ते कुणीतरी सांगावे लागते.

न सांगितल्याचा परिणाम ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने दाखवला. या प्रकल्पात हजारो जुनी मराठी पुस्तकेही स्कॅन झाली. पण कितीतरी शीर्षके रोमन लिपीत, वाटेल तशा स्पेलिंगने चढवली गेली. पुस्तक होते, पण सापडत नव्हते. पुढे ते संकेतस्थळच बंद पडले. त्यातला मोठा साठा आज इंटरनेट आर्काइव्हवर आहे, तोही जुन्या चुकांसकट.

चांगली उदाहरणेही आहेत. 1804 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’तून दुर्मिळ ग्रंथ ऑनलाइन आणले. 1832ची परंपरा सांगणारे पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय जुन्या छापील ठेव्याचे डिजिटल जतन करते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे त्यांचे लेखन 2011पासून सर्वांना खुले आहे. अशा साहित्याची यादी दर 1 जानेवारीला वाढते. तालुक्याच्या वाचनालयालाही आता फडताळाची मर्यादा उरलेली नाही.

रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतले एक. त्या भेटीचा दलाल म्हणजे नोंद. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, तेव्हा हाताशी संगणक नव्हता. पुस्तक उघडून पाहण्याची चिकाटी होती. ती सूची अभ्यासक आजही उघडतात.

आपल्याकडे संगणक खरेदीचा ठराव कार्यकारिणीच्या एका बैठकीत टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. नोंदी तपासणाऱ्या माणसाच्या पगाराचा प्रश्न मात्र ‘आयत्या वेळच्या विषयां’त जातो आणि तोवर चहा आलेला असतो.