साप फणा काढून उभा राहिला तर? सर्पमित्र येईपर्यंत काय करायचं आणि काय नाही

मृगाचा पाऊस पडला की बिळांत पाणी शिरतं आणि साप वर येतात. कोरडी जागा शोधत ते गोठ्यात, कडब्याच्या गंजीखाली, सरपणात, मोटारीच्या पेटीत जाऊन बसतात. शेतकऱ्याची पेरणीची धांदलही याच दिवसांत असते. त्यात थ्री फेजची लाइट रात्रीची असली तर मोटार चालू करायला अंधारात जावं लागतं. माणूस आणि साप समोरासमोर येतात ते बहुतेक अशाच वेळी.

साप अंगावर आला, मागे लागला असं गावोगाव सांगितलं जातं. माणूस हे काही सापाचं खाद्य नाही. उंदीर, बेडूक सोडून माणसाला चावण्यात त्याचा फायदा काहीच नाही, उलट विष वाया जातं. तो फणा काढतो, फुत्कारतो, ते समोरच्याने लांब जावं म्हणून. या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झालं, पाय पडला किंवा कोणी पकडायला गेलं की मग तो चावतो. काही साप पळताना नेमके माणसाच्या दिशेने येतात, कारण त्यांचं बीळ किंवा आडोसा माणसाच्या मागे असतो. बाजूला झालं की साप सरळ निघून जातो.

कोणता साप कसा चिडतो

महाराष्ट्रात जिवावर बेतणारे दंश मुख्यतः चार सापांचे : नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार. चौघांची चिडण्याची तऱ्हा वेगळी आहे आणि ती ओळखता आली तर बराच धोका टळतो.

नाग शरीराचा पुढचा भाग उचलून फणा काढतो. दिसायला तो सगळ्यात भीतिदायक, पण इशारा देण्यात सगळ्यात उदारही तोच. अनेकदा तो तोंड न उघडताच पुढे झेपावतो, म्हणजे नुसता धाक दाखवतो. तरी प्रत्येक वेळी तसंच होईल याच्या भरवशावर कोणी राहू नये. सापाला बाहेरचा कान नसतो, त्याला जमिनीतली थरथर जाणवते आणि समोरची हालचाल दिसते. गारुड्याच्या पुंगीवर नाग डोलतो म्हणतात, तो खरं तर पुंगी जिकडे हलेल तिकडे तोंड फिरवत असतो. म्हणून नाग समोर उभा असेल तर हात हलवू नयेत, काठी नाचवू नये. जागेवर स्तब्ध राहायचं आणि तो थोडा शांत झाला की सावकाश एकेक पाऊल मागे सरकायचं.

घोणशीचं वेगळं आहे. ती जाड, सुस्त दिसते, पाठीवर साखळीसारखे गडद ठिपके. ती पळत नाही, वेटोळं करून जागेवरच बसते आणि कुकरची शिट्टी व्हावी तसा मोठा फुत्कार टाकते. सोयाबीनमध्ये किंवा बांधावरच्या गवतात असा आवाज आला तर पाय जिथे आहे तिथेच थांबवून आधी आवाज कुठून येतो ते बघावं. तिची झेप फार वेगाची असते. अजगराचं पिल्लू समजून तिला हातात घेणारे महाभाग आहेत, आणि त्याची किंमत काहींनी बोटांनी तर काहींनी मूत्रपिंडाने मोजली आहे.

फुरसे कोकणात जास्त, पण माळरानावर, दगडगोट्यांतही सापडतं. जेमतेम वीत-दीड वीत ते हातभर लांब. ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं आणि करकर असा आवाज येतो. आकार बघून लोक त्याला किरकोळ समजतात, पण ते तापटही आहे आणि चपळही.

मण्यार मात्र इशारा देतच नाही म्हटलं तरी चालेल. दिवसा सापडली तर डोकं लपवून गप्प पडून राहते, रात्री मात्र तिचा संचार असतो. खाली जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात ती शिरते आणि कूस बदलताना दबली की चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा दुखतो, पापण्या जड होऊन मिटायला लागतात आणि घरचे अजीर्ण समजून ओवा देत बसतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्याला पहाटे असं झालं तर आधी दवाखाना गाठावा.

बिनविषारी सापही कमी तापट नसतात. विहिरीजवळचा विरोळा, ज्याला दिवड म्हणतात, मान चपटी करून नागासारखा आव आणतो आणि कडकडून चावतो. धामण कोंडली गेली तर गुरगुरल्यासारखा आवाज काढते. ती गायीच्या पायाला वेढा घालून दूध पिते ही निव्वळ दंतकथा. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या दिसतात तेव्हा लोक त्याला नर-मादीचं मिलन समजून टॉवेल टाकायला धावतात. बहुतेक वेळा ते दोन नर असतात आणि त्यांची कुस्ती चालू असते.

कात टाकायला आलेल्या सापाचे डोळे दुधाळ होतात, त्याला नीट दिसत नाही. असा साप एरवीपेक्षा लवकर बिथरतो. अंड्यांवर बसलेली नागीणही तशीच. आणि विषारी सापाचं पिल्लू जन्मल्यापासून विषारी असतं, लहान आहे म्हणून बोटावर घेऊन फोटो काढायचा नाही.

घरात साप दिसला तर

लेकरं, म्हातारी माणसं आधी बाहेर. कुत्रं बांधून टाकावं, ते भुंकून सापाला कोपऱ्यात कोंडतं आणि मग प्रकरण चिघळतं. खोलीचं दार लावून खालच्या फटीत गोधडी कोंबावी. सापावर नजर ठेवायला एकच माणूस थांबावा, निदान सात-आठ फूट लांब, हातात बॅटरी. बाकीची गर्दी हटवावी. सर्पमित्र आल्यावर साप कुठे गेला हेच कोणाला सांगता येत नाही, ही नेहमीची रड आहे. मग अख्खं घर उपसावं लागतं.

सापावर रॉकेल, फिनेल ओतणं, मिरचीची धुरी देणं, बिळात गरम पाणी सोडणं, यातल्या कशानेही साप गुमान निघून जात नाही. तो बिथरतो आणि वाट फुटेल तिकडे सुटतो. अंगणात किंवा शेतात असेल तर त्याला जायला एक बाजू मोकळी ठेवावी, बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत तो स्वतःच जातो. जवळचा सर्पमित्र माहीत नसेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

सर्पमित्र कसा आहे, हे त्याच्या हातावरून कळतं. जाणता माणूस सापाचं मुंडकं दाबून धरत नाही. मुंडकं दाबलं की साप जिवाच्या आकांताने झगडतो. तो हुकवर सापाचा भार तोलतो, काळ्या पिशवीचं तोंड प्लास्टिकच्या पाइपला बांधून पाइपचं दुसरं टोक सापापुढे ठेवतो आणि साप अंधार बघून आपणहून आत शिरतो. चिमट्याने आवळलं तर बरगड्या मोडतात आणि साप जास्तच चिडतो. पाच मिनिटांत हे काम होतं आणि बघणाऱ्याला त्यात काही मजा वाटत नाही. गळ्यात नाग घालणारा, फण्याचा मुका घेणारा, मोबाइलसमोर साप नाचवणारा पोरगा सर्पमित्र नव्हे. असे व्हिडिओ बघून गावातली दहावी-बारावीची पोरं हात घालायला लागली आहेत, काळजी आहे ती याची.

साप पाळण्याचं खूळही वाढलं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार आपल्याकडचा साप घरात ठेवणं, त्याचा खेळ करणं, त्याला मारणं गुन्हा आहे. बत्तीस शिराळ्याची नागपंचमीला जिवंत नाग पकडण्याची जुनी प्रथाही न्यायालयाच्या आदेशाने थांबली. दात काढलेला नाग बिनधोक, ही गारुड्यांची समजूतही खोटी आहे. विषदंत पुन्हा येतात. साप माणसाळत नाही. हाताची सवय झाल्याने तो काही दिवस गप्प राहतो, पण हाताला उंदराचा वास आला, कात टाकायची वेळ आली, की तोच साप त्याच हाताला चावतो.

दंश झालाच तर

माणसाला धीर द्यावा, चालायला लावू नये. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढावं, सूज आली की ते रुततं. हात-पाय मोडल्यावर जशी फळी बांधतात तसा तो अवयव स्थिर करावा. करकचून दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. १०८ ला फोन करावा, गाडी लांब असेल तर मोटारसायकलवर मध्ये बसवून मागून एकाने धरावं. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. मंत्राने उतरलेले दंश बहुतेक बिनविषारी सापाचे किंवा विष न सोडलेले असतात.

साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. तुटलेलं मुंडकंही बराच वेळ चावू शकतं. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक, नाही तर डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. इथलं इंजेक्शन चारही सापांच्या विषावर एकच आहे. त्याला आपण लस म्हणतो, पण ते आधी टोचून ठेवायचं नसतं. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं ते औषध दंश झाल्यावर, विषाची लक्षणं दिसली की शिरेतून देतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकंच लागतं, कारण सापाने विष वयाप्रमाणे कमी सोडलेलं नसतं. चावलेला साप बिनविषारी वाटला तरी दवाखान्यात दाखवावं. मण्यार आणि कवड्या यांत भल्याभल्यांची गफलत होते.

आपल्या भागातल्या कोणत्या सरकारी दवाखान्यात हे इंजेक्शन रात्रीही मिळतं आणि व्हेंटिलेटर कुठे आहे, हे पेरणीच्या आधीच एकदा जाऊन विचारून ठेवलेलं बरं. नाग आणि मण्यारीच्या विषाने श्वास बंद पडतो, तेव्हा नुसत्या इंजेक्शनवर भागत नाही.

दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने झालेला मृत्यूही धरला जातो आणि वारसांना २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यायचा असतो. शवविच्छेदन नको म्हणून परस्पर अंत्यविधी उरकणाऱ्या घरांचे अर्ज कागदाअभावी अडकतात.