समुद्रापलीकडचे केंद्र

एखादे नभोवाणी केंद्र कोणाचे म्हणावे? ज्या गावी त्याचा प्रक्षेपक उभा आहे त्या गावाचे, ज्या सरकारच्या तिजोरीतून त्याचा खर्च चालतो त्या सरकारचे, की ज्यांच्या घरांत त्याचा आवाज रोज सकाळी ऐकू येतो त्या माणसांचे? बहुतेक केंद्रांच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असते, म्हणून ते विचारण्याची वेळ येत नाही. रेडिओ सिलोनची गोष्ट निराळी होती. प्रक्षेपक लंकेत, सरकारही लंकेचे, आणि श्रोते मात्र फार मोठ्या संख्येने भारतात, अशी त्याची विलक्षण स्थिती होती. त्या केंद्राचा उदय आणि अस्त या दोन्ही गोष्टींचे मूळ या स्थितीतच होते.

ही हकीकत मुंबईपासून किंवा दिल्लीपासून सांगण्याचा प्रघात आहे. आज ती तंजावरपासून सांगावी असे मला वाटते. तंजावरचे नाव महाराष्ट्राला परके नाही. १६७६ मध्ये व्यंकोजीराजांनी तेथे राज्य स्थापिले, ते १८५५ पर्यंत टिकले, आणि आजही त्या नगरात मराठी बोलणारी घराणी नांदत आहेत. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, तंजावर आणि त्याचा परिसर हे कर्नाटक संगीताचे माहेरघर होय. त्यागराजस्वामींची समाधी तंजावरपासून अवघ्या काही मैलांवर, कावेरीकाठी तिरुवैयारूला आहे. तेथील वार्षिक आराधना आकाशवाणीवरून प्रक्षेपित होते. वीणा घडविणारे कारागीर तंजावरचे. नागस्वराचे सम्राट म्हणून ज्यांचा लौकिक झाला ते राजरत्नम् पिळ्ळै त्याच जिल्ह्यातले. चित्रपटगीतांचा मोह जेथे सर्वांत कमी पडावा असे कोणालाही वाटेल, तो हा मुलूख. आणि याच मुलुखात, चहाच्या दुकानांत आणि केशकर्तनालयांत, वर्षानुवर्षे 'इलंगै वानोली', म्हणजे लंकेची नभोवाणी, लावलेली असे.

त्यापूर्वी तमिळ प्रदेशाला स्वतःचे स्थानिक केंद्र नव्हते असे नाही. १९२४ मध्ये मद्रासला काही हौशी मंडळींनी 'मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब' काढला आणि त्याच वर्षी ध्वनिक्षेपणही सुरू केले. हिंदुस्थानातील नभोवाणीच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक. तीन वर्षांत पैसा संपला आणि १९२७ मध्ये क्लब बंद पडला. त्याची यंत्रसामग्री मद्रास नगरपालिकेकडे गेली. १९३० पासून नगरपालिकेने ते केंद्र चालविले. पुढे १९३८ मध्ये ऑल इंडिया रेडिओने मद्रासचे केंद्र उघडले, तेव्हा नगरपालिकेचे काम संपले. १९३९ च्या मे महिन्यात तिरुच्चिरापल्लीचे केंद्र निघाले आणि कावेरीच्या खोऱ्याला आपले म्हणावे असे केंद्र मिळाले. तंजावरला ते सर्वांत जवळचे. मग हाताशी असलेले हे केंद्र सोडून लोकांनी समुद्रापलीकडची सुई का शोधावी?

याचे अर्धे उत्तर यंत्रात आहे. लंकेत नभोवाणी १९२५ मध्येच सुरू झाली होती. पण ती लहान प्रमाणावर. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सेनापती माउंटबॅटन यांनी १९४४ मध्ये आपले मुख्यालय लंकेत कँडी येथे आणले. घरापासून दूर असलेल्या सैनिकांची करमणूक व्हावी म्हणून तेथे एक लष्करी नभोवाणी निघाली आणि तिच्यासाठी कोलंबोजवळ एकला येथे १०० किलोवॅट शक्तीचा लघुलहरींचा प्रक्षेपक बसविण्यात आला. तो चालू झाला तेव्हा युद्ध संपून गेले होते! सैनिक परतले आणि यंत्र मागे राहिले. स्वतंत्र झालेल्या लंकेच्या हाती असा एक आवाज आला, की जो त्या चिमुकल्या बेटाच्या गरजेहून कितीतरी मोठा होता.

लघुलहरींचा गुण असा की, त्या जमिनीलगत फार दूर जात नाहीत, पण आकाशात उंचावरील विद्युद्भारित थरावर आदळून शेकडो, प्रसंगी हजारो मैलांवर पुन्हा खाली उतरतात. म्हणून कोलंबोचा कार्यक्रम नागपूरला आणि पाटण्याला ऐकू येई. तो थर स्थिर नसल्यामुळे आवाज कधी भरून येई, कधी ओसरे. जुन्या श्रोत्यांना ती लाट अजून आठवत असेल. तंजावरची गोष्ट आणखी सोपी होती. नागपट्टिनम् आणि वेदारण्यम् यांचा किनारा १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच मोडत होता. वेदारण्यमच्या टोकापासून जाफनाचा किनारा निरुंद सामुद्रधुनीपलीकडे आहे, आणि मध्यमलहरी खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा पुष्कळच दूरवर सुखाने जातात. भाषा तर दोन्ही तीरांवर एकच. तेव्हा कागदोपत्री परदेशी असलेले हे केंद्र तेथील माणसाला शेजारच्या गल्लीतले वाटले, यात नवल नाही.

उरलेले अर्धे उत्तर दिल्लीत आहे, आणि त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे.

१९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते मूळचे पुण्याचे, विद्वान, संगीताचे जाणकार. संस्थाने विलीन झाली, दरबार गेले. आता कलावंतांना आश्रय कोणी द्यावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि तो खरा होता. त्याचे उत्तर त्यांनी आकाशवाणीच्या रूपाने दिले. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, वाद्यवृंद, रेडिओ संगीत संमेलन ही सारी त्या काळाची देणगी. उत्तरेतील श्रोत्याला कर्नाटक संगीत आणि दक्षिणेतील श्रोत्याला हिंदुस्थानी संगीत नियमाने ऐकू येऊ लागले, ते याच योजनांमुळे. पण या आश्रयाची दुसरी बाजू अशी की, चित्रपटगीते ही रुची बिघडविणारी गोष्ट आहे असे ठरवून त्यांच्यावर कात्री चालविण्यात आली. गाणी निवडून घ्यावयाची, त्यांचे प्रमाण घटवावयाचे, आणि चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे त्याची फुकट जाहिरात होय, म्हणून ते सांगावयाचे नाही. निर्माते चिडले. त्यांनी गाणी वाजविण्याचे परवाने काढून घेतले. काही काळ तर आकाशवाणीवर हिंदी चित्रपटगीत ऐकू येणे जवळजवळ थांबले.

एक गोष्ट येथे बाजूला सांगून टाकतो. रुची सुधारण्याचा हा उत्साह एकट्या केसकरांचा नव्हता. नभोवाणीवरून पेटीला १९४० मध्येच हद्दपार करण्यात आले होते, आणि ते इंग्रजी अमदानीत. आपल्या नाट्यसंगीताचा सारा संसार ज्या पेटीवर उभा, ती १९७१ पर्यंत आकाशवाणीच्या उंबऱ्याबाहेर राहिली. शुद्धतेचा आग्रह धरणारे अधिकारी बदलतात, आग्रह राहतो.

इकडे दार लागले, त्या सुमारास तिकडे दुकान मांडून तयार होते. ३० सप्टेंबर १९५० रोजी रेडिओ सिलोनचा व्यापारी विभाग सुरू झाला होता. कोलंबो योजनेखाली ऑस्ट्रेलियातून आलेले क्लिफर्ड डॉड हे त्याचे संचालक. आकाशवाणी जाहिराती घेत नव्हती. सिलोन घेत होते. आकाशवाणी गाणी नाकारीत होती. सिलोनला गाणी हवीच होती. ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी 'बिनाका गीतमाला' प्रथम ऐकू आली, आणि अमीन सयानी यांचा आवाज घरोघरी पोचला. या कार्यक्रमाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. गाणी मुंबईत तयार झालेली, निवेदक मुंबईचा, दंतमंजनाची जाहिरात मुंबईच्या बाजारासाठी, ध्वनिमुद्रणही मुंबईतच. ती ध्वनिफीत विमानाने कोलंबोला जाई आणि तेथून आकाशमार्गे पुन्हा मुंबईस येई. मुंबईच्या माणसाला मुंबईचे गाणे ऐकविण्यासाठी लंकेला वळसा! श्रोत्यांची पत्रे पोत्यांनी येऊ लागली. झुमरी तिलैया हे बिहारातील (आता झारखंडातील) लहानसे गाव केवळ फर्माइशीच्या पत्रांमुळे देशभर ठाऊक झाले. गावोगावी श्रोतासंघ निघाले आणि गाण्यांचा क्रम ठरविताना त्यांचे मत विचारले जाऊ लागले. श्रोत्याला आपले मत कोणी विचारते, हा अनुभव त्याला नवा होता. माझ्या मते गाण्यांइतकेच यशाचे श्रेय या विचारण्याला आहे.

सकाळी जुन्या चित्रपटांतील गीतांचा कार्यक्रम असे, आणि आठाच्या ठोक्यापूर्वी शेवटचे गाणे नेमाने कुंदनलाल सैगल यांचे. अनेक घरांत घड्याळ त्यावर लावीत.

तमिळ विभागाची कथा उत्तरेकडे फारशी कोणी सांगत नाही. मयिल्वाहनन् या निवेदकाने तेथे असा एक ढंग आणला की, बोलणारा आपल्याशीच बोलत आहे असे वाटावे. आकाशवाणीची तमिळ भाषा ग्रंथातली, संथ आणि सोवळी. कोलंबोची तमिळ स्वच्छ, पण हसरी. 'पोंगुम् पूम्पुनल्', म्हणजे उसळता पुष्पप्रवाह, हे तेथील एका लोकप्रिय गीतकार्यक्रमाचे नाव. कावेरीकाठच्या कानाला ते किती गोड लागले असेल! पुढे बी. एच. अब्दुल हमीद यांनी 'पाट्टुक्कु पाट्टु', म्हणजे गाण्याला गाणे, हा आपल्या भेंड्यांसारखा खेळ लोकप्रिय केला. इंग्रजी विभागाचा श्रोतृवर्ग निराळा, मुख्यतः महाविद्यालयीन. एल्व्हिस प्रेस्ली आणि पुढे बीटल्स हे रॉक संगीताचे नवे दैवत या देशातील तरुणांना भेटले ते बरेचसे कोलंबोच्या द्वारे. व्हर्नन कोरिया यांच्यासारखे निवेदक त्यांना नावानिशी ठाऊक होते.

तंजावरचा दाखला मला मोलाचा वाटतो तो येथे. तेथील श्रोत्याने त्यागराज टाकून चित्रपटगीत धरले, असे झाले नाही. आराधनेच्या दिवसांत ज्या यंत्रावर तिरुच्चीचे केंद्र लागे, त्याच यंत्रावर दुसऱ्या दिवशी कोलंबो लागे. एका कानाला दुसरा कान वैरी नसतो. केसकरांच्या धोरणाची गफलत झाली ती नेमकी या हिशोबात: एका संगीताला जागा देण्यासाठी दुसऱ्याला बाहेर काढलेच पाहिजे असे त्यांनी धरले. आणि तरीही त्या धोरणाचे सारेच फळ कडू नव्हते. चित्रपटाबाहेरचे सुगम संगीत स्वतः घडवावे, हा ध्यास आकाशवाणीने त्याच काळात घेतला. १९५३ मध्ये निघालेल्या पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ रोजी गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू केले. वर्षभर चाललेली ती छप्पन्न गीते ऐकताना महाराष्ट्राला कोलंबोची आठवण झाली नसावी. चांगले गाणे दिले तर श्रोता घरी राहतो. नकार दिला तर तो सुई फिरवितो.

दिल्लीला हे कळावयास पाच वर्षे लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, केसकर मंत्रिपदावर असतानाच, 'विविध भारती' सुरू झाली. कवी नरेंद्र शर्मा तिचे शिल्पकार. चित्रपटगीत पुन्हा आत आले, पण पंचरंगी पोशाख घालून: लोकगीत, प्रहसन, भजन यांच्या संगतीत. सिलोन त्याने लगेच डळमळले नाही, कारण जाहिरातदारांना अजून दुसरे दार नव्हते. ते दार १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर येथे उघडले. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या जानेवारीत रेडिओ सिलोनचे रूपांतर महामंडळात झाले होते. यानंतरची उतरण सावकाश झाली. कोलंबोची गाणी वाईट झाली नव्हती, निवेदक थकले नव्हते. ज्या नकारावर त्या केंद्राचा डोलारा उभा होता तो नकारच उरला नाही. शिवाय जवळच्या केंद्राचा स्वच्छ आवाज मिळत असता, लघुलहरींची भरती-ओहोटी कोण सोसणार?

तमिळ किनाऱ्यावर मात्र आणखी एक घाव बसला, आणि तो संगीताशी संबंध नसलेला होता. १९८३ च्या जुलैत लंकेत तमिळांविरुद्ध दंगली उसळल्या. त्यानंतरचे यादवी युद्ध २००९ पर्यंत चालले. ज्या सामुद्रधुनीवरून गाणी येत, तिच्यातून होड्या भरभरून निर्वासित येऊ लागले. मग त्या दिशेचा आवाज तंजावरच्या माणसाला पूर्वीच्या निश्चिंत मनाने ऐकता येणे कठीण होते. १९८९ मध्ये गीतमालाही कोलंबो सोडून विविध भारतीवर आली, आणि जिच्यासाठी ध्वनिफीत लंकेला जात असे ती मुंबईची मेजवानी पुन्हा मुंबईतच वाढली जाऊ लागली. अमीन सयानी २०२४ पर्यंत हयात होते.

आणि तो गाण्याला गाणे जोडण्याचा खेळ? अब्दुल हमीद यांच्यासह तोही समुद्र ओलांडून आला. पुढे दूरचित्रवाणीच्या तमिळ वाहिनीवर तंजावरकरांनी तो पाहिला. आवाज ओळखीचा, चेहरा तेवढा नवा.