कर्वेनगरचे सायकल संग्रहालय आणि भोर-वेल्ह्याच्या पडव्या

१८६९ मध्ये बांधलेला भोरचा राजवाडा आणि आता राजगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्हे तालुक्यातील तोरणा व राजगड हे किल्ले इतिहासाची साधने आहेत, याविषयी कोणाचे दुमत नसते. मात्र त्याच गावांतील घरांच्या पडवीत भिंतीला टेकून उभी असलेली, टायर चिरलेली आणि सीटचे कातडे वाळलेली आजोबांची सायकल हेही असेच एक साधन आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते ज्या ठिकाणी डोळ्यांनी पाहता येते, ते ‘विक्रम पेंडसे सायकल्स’ हे संग्रहालय पुण्याच्या कर्वेनगर भागातील सहवास सोसायटीत आहे. भोरहून कापूरहोळ, नसरापूर फाटा आणि कात्रजमार्गे ते सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे, तर वेल्ह्याहून पाबे घाट उतरून खडकवासल्याच्या बाजूनेही तेथे पोहोचता येते.

विक्रम पेंडसे यांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या आणि दुरुस्त करून उभ्या केलेल्या दीडशेहून अधिक सायकली २०१७ पासून तीन मजली इमारतीत लोकांसाठी मांडलेल्या आहेत. सायकलींचे शहर म्हणून ज्याची एके काळी ख्याती होती, त्या पुण्यातच हे संग्रहालय व्हावे, हे उचितच होय. दोघांनी एकामागे एक बसून चालवण्याच्या टँडेम सायकली, लहान मुलांच्या सायकली, दिवे, घंटा आणि हवा भरण्याचे पंप असा या संग्रहाचा विस्तार आहे; तथापि त्यातील सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे बीएसए कंपनीची दुसऱ्या महायुद्धातील घडीची सायकल. विमानातून उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेल्या या सायकलीची फ्रेम मधोमध दुमडते, हाताने फिरवता येणाऱ्या पंखांच्या दोन नटांनी ती पुन्हा आवळता येते, आणि नेहमीच्या पायडलच्या जागी केवळ दांडे असून घडी करताना ते आत सरकवता येतात. हवाई छत्रीबरोबर खाली येताना हँडल आणि सीट आधी जमिनीला टेकावे व चाके वाचावीत, अशी तिची योजना होती. गरज आणि रचना यांचे नाते इतक्या उघडपणे दाखवणारे यंत्र विरळाच.

संग्राहकाची दृष्टी मात्र अशा दुर्मीळ नगापुरती नसते. हँडलखालच्या नळीवर बसवलेला कंपनीचा बिल्ला, सीटखाली किंवा सांध्यावर ठोकलेला फ्रेमचा क्रमांक आणि धातूच्या मुलाम्याची छटा यांवरून सायकलीचे मूळ ओळखले जाते. साधारण १९३० नंतर क्रोमचा निळसर, लखलखीत मुलामा रूढ झाला, त्यापूर्वीच्या निकेलला किंचित पिवळसर, मऊ झाक असते. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या गिअरच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी असलेल्या तुंब्यावर, पुष्कळदा वर्षाचे आकडेच उमटवलेले असतात. मागच्या मडगार्डच्या कडेला ओळीने भोके दिसली, तर तेथे पूर्वी जाळी ओवलेली होती आणि ती स्त्रियांची सायकल होती, असे समजावे. वस्त्र आऱ्यांत अडकू नये यासाठी ती जाळी असे. कार्बाइडच्या दिव्यात वरच्या कप्प्यातून पाण्याचे थेंब कॅल्शियम कार्बाइडवर पडत आणि निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूची ज्योत रात्रीची वाट उजळत असे.

अशा सायकलीवर नवा झगझगीत रंग चढवला की तिची किंमत वाढते, हा समज चुकीचा आहे. मूळ रंगावरच्या सोनेरी रेघा, कॅरिअरवरचे घासल्याचे डाग, नगरपालिकेच्या सायकल कराचा पत्र्याचा बिल्ला ही त्या सायकलीची कागदपत्रेच असतात, आणि सँडपेपरने ती एकदा खरवडली की पुन्हा मिळत नाहीत. गंजावर तेल मुरू देणे, कॉटर पिन घणाने न ठोकता दाबाने काढणे, सळीचे ब्रेक आहेत तेच जुळवून घेणे, एवढे पुष्कळदा पुरते. सुदैवाने २८ इंची रोडस्टर, म्हणजे सरळ बैठकीची दणकट सायकल, भारतात अजून बनते. त्यामुळे २८ बाय दीडचे टायर आजही मिळतात आणि जुनी सायकल केवळ टांगून न ठेवता चालवताही येते.

भोर-वेल्ह्यातील वाचकांनी म्हणूनच पडवीतली सायकल भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी तिच्या बिल्ल्याचे व क्रमांकाचे छायाचित्र काढावे, ती कोणी, कोठून आणली आणि तिच्यावरून काय वाहिले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, आणि एकदा कर्वेनगरला जाऊन तिच्या जातीची दुसरी सायकल तेथे आहे का, ते पाहावे.